नाचता येईना, माईक वाकडा

डिसेंबर उजाडला की आमच्या शाळेत अभ्यासाचं नाव कुणी काढायचं नाही. साताऱ्याकडचं गाव, कडाक्याची थंडी आणि तीन दिवसांचं गॅदरिंग. पत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ छापलेलं असे, पण ते वाचण्यापुरतं. बाकीची पोरं नाचात नाहीतर नाटकात. मला नाचता यायचं नाही आणि पाठांतराच्या नावानं शंख. म्हणून सातवीत असताना बाईंनी मला स्पीकरवाल्या काकांच्या हाताखाली दिलं. “याला काहीतरी उचलायला सांगा,” एवढीच शिफारस.

काकांकडे अहुजाचं मशीन होतं. (ॲम्प्लिफायर हा शब्द मी डिप्लोमाला गेल्यावर ऐकला.) दोन माईक, एक टेपरेकॉर्डर आणि चार भोंगे: दोन स्टेजच्या अंगाला, एक गच्चीवर, एक पार मागे कडुलिंबावर. एवढी लांब वायर ओढूनही कडुलिंबावरचा भोंगा तितकाच कसा ओरडतो, हे कोडं मला बरीच वर्षं पुरलं. मशीनमधून 100 व्होल्टची लाइन निघते आणि प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. व्होल्टेज चढवलं की करंट कमी लागतो, मग वायरीत फारसं वाया जात नाही. गावात वीज येते तीही याच हिशेबानं. काकांना हे असं मांडता आलं नसतं, पण अंधारात नुसती वायर चाचपून ती कुठल्या भोंग्याची ते सांगायचे.

पहिल्याच वर्षी नाटक सुरू झालं आणि भोंग्यांतून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. लाइटवाल्यानं माईकची वायर आणि त्याची वायर एकाच सुतळीनं बांधून मंडपाच्या कडेनं नेली होती. काकांनी त्याचा यथास्थित उद्धार केला, सुतळी कापली, माईकची वायर दुसऱ्या अंगानं आणली आणि जिथे लाइटची वायर ओलांडावीच लागली तिथे काटकोनात आडवी टाकली. घूं गायब. आज मी वर्गात फळ्यावर 50 हर्ट्झ लिहितो, चुंबकीय क्षेत्राची वर्तुळं काढतो. पोरांच्या लक्षात मात्र काकांचं वाक्य राहतं: “या दोघींना शेजारी झोपवायचं नाही.”

वायर गुंडाळायलाही त्यांनीच शिकवलं. मी हौसेनं कोपरावर वेढे घेत होतो, तर टपली बसली. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे पीळ धरत नाही आणि फेकली की सरळ सुटते. पुढे 1994 साली मुंबईत एका स्टुडिओत लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मला याच एका गोष्टीवर ठेवून घेतलं असावं. दुसरं काही येतच नव्हतं.

नववीत मला टेपवर बसवलं. पाचवीच्या मुलींचा कोळीनाच होता. बाईंनी गाणं घरी रेडिओवरून कॅसेटवर भरून आणलेलं. मी शहाणपणा करून आधी ऐकून पाहिलं नाही. मुली वल्ही घेऊन उभ्या, मी बटण दाबलं आणि चार भोंग्यांतून अख्ख्या गावाला प्रादेशिक बातम्या. सहा-सात मुली वल्ही तशीच उचलून पुतळ्यासारख्या उभ्या, एकीनं भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी शेलापागोट्यांत माझ्या नावानं चिठ्ठी निघाली: नाचता येईना, माईक वाकडा. ती चिठ्ठी माझ्या कपाटात अजून आहे.

स्टुडिओतल्या वर्षांबद्दल लोक फार विचारतात. सांगण्यासारखं थोडंच आहे. एसी खोली, चहा, रात्रीचे दोन. व्हिडिओ कॅसेटसारख्या टेपवर आठ ट्रॅक भरायचो, मग कॉम्प्युटर आला आणि टेपा माळ्यावर गेल्या. पंधरा वर्षांनी पुण्यात शिकवायला लागलो. आता म्युझिक प्रोडक्शनच्या वर्गात जो येतो तो लॅपटॉप उघडूनच येतो.

म्हणून दर डिसेंबरला पाच-सहा जणांना घेऊन शाळेच्या गॅदरिंगला जातो. आवाज आमचा, जेवण शाळेचं. हेडफोन लावून सुरेख मिक्स करणारी ही पोरं पहिल्या अर्ध्या तासात घामाघूम होतात. मुख्याध्यापक माईकची जाळी मुठीत आवळून बोलतात आणि शिट्टी सुरू. माईक पाठीमागचा आवाज टाळतो तो जाळीखालच्या फटींमुळे. त्याच झाकल्या तर तो चहूकडचं ऐकायला लागतो, स्पीकरचंसुद्धा. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. मुख्याध्यापकांना “सर, जरा खाली धरा” हे कुणी सांगायचं, ते पुस्तकात नाही.

आता दहाला बंद करावं लागतं. 2000 सालच्या नियमानं रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर नाही. आमच्या वेळी बक्षीस समारंभच अकराला सुरू व्हायचा. लहान पोरं सतरंजीवर झोपलेली असत आणि नाव पुकारलं की आई गदागदा हलवून उठवायची.

एक गोष्ट मला लहानपणापासून खुपायची. कडुलिंबाखाली म्हाताऱ्या माणसांची रांग असे, आणि त्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा. आधी डोक्यावरच्या भोंग्यातून, मग स्टेजकडून. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तिथे अंतर पस्तीसेक मीटर, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग उशीर. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीनं पावलांनी अंतर मोजलं, डिजिटल मिक्सरवर मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर दिला, पुन्हा मागे जाऊन कान लावला, परत येऊन थोडा कमी केला. पुढचा-मागचा आवाज एक झाला. मला भरून आलं होतं, खरं सांगतो.

त्या रांगेत आमच्या बाई बसल्या होत्या, शाल गुंडाळून. वाकून विचारलं, “बाई, आता नीट ऐकू येतं का?”

“येतं रे,” बाई म्हणाल्या, “पण एकदाच येतं. पूर्वी पहिल्यांदा निसटलं तर दुसऱ्यांदा तरी कळायचं.”