कपूर आयोग तपासताना : दहा दिवस आणि तीन शहरं

चौकशी आयोगाचा अहवाल हातात पडला की वाचणारा बहुधा थेट शेवटचं प्रकरण उघडतो. आमच्या कामात सुरुवात विचारार्थ विषयांपासून होते. सरकारने आयोगाला नेमकं काय विचारलं होतं हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर पुरेसं की अपुरं, हे सांगता येत नाही. गांधीहत्येच्या कटाची फेरचौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा अहवाल मी तपास अधिकाऱ्यांच्या वर्गासाठी तपासायला घेतला, तेव्हा पहिली अडचण तिथेच दिसली.

या आयोगाचं मूळ पुण्यात आहे. या कटात जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा ऑक्टोबर 1964 मध्ये सुटले. 12 नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त कार्यक्रम झाला आणि त्यात ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामच्या मनात काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक होतं, आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत आपण ते मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेरांच्या सरकारपर्यंत पोचवलं होतं. केतकर म्हणजे टिळकांचे नातू, 'केसरी'चे माजी संपादक. त्यांच्या तोंडचं वाक्य हवेत विरणारं नव्हतं. संसदेत आणि विधिमंडळात गदारोळ झाला. मार्च 1965 मध्ये चौकशीसाठी गोपाल स्वरूप पाठक यांना नेमण्यात आलं. ते पुढे मंत्री झाले, म्हणून नोव्हेंबर 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आले. अहवाल 1969 चा आहे. 101 साक्षीदार, 407 कागद.

आता विचारलेले प्रश्न पाहा. कटाची आगाऊ माहिती कोणाला, विशेषतः केतकरांना, होती का? त्यांनी ती कानिटकरांमार्फत खेरांना कळवली का? कळवली असल्यास मुंबई सरकारने आणि केंद्राने काय केलं? 'कट कोणी केला' हा प्रश्न यात कुठेही नाही. शिवाय कानिटकर आणि खेर या दोघांच्याही नावामागे विचारार्थ विषयांतच 'कैलासवासी' लागलेलं आहे. निरोपाच्या साखळीतल्या तीन कड्यांपैकी दोन चौकशी सुरू व्हायच्या आधीच निखळलेल्या होत्या. अशा वेळी उरलेल्या एकाच्या तोंडी साक्षीला कागदाचा आधार मिळतो का, एवढंच बघायचं राहतं. केतकरांचा मुद्दा मी त्यामुळे लवकर बाजूला ठेवला. अहवालाचा कस लागतो तो तिसऱ्या प्रश्नावर.

तो तपासायची माझी रीत साधी आहे. एका मोठ्या कागदावर आडव्या ओळीत तारखा लिहायच्या, 20 ते 30 जानेवारी 1948. उभे रकाने तीन : दिल्ली, मुंबई, पुणे. प्रत्येक चौकटीत त्या दिवशी त्या शहरातल्या पोलिसांना जे माहीत होतं तेवढंच लिहायचं. नंतर कळलेलं काहीही आत येऊ द्यायचं नाही. हे पथ्य वाटतं तितकं सोपं नाही. आज आपल्याला सगळी नावं पाठ असतात, आणि 'करकरे' वाचलं की डोक्यात आपोआप 'गोडसे' येतो. 21 जानेवारीला दिल्लीच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात तो येत नव्हता. प्रत्येक नोंदीपुढे आणखी एक खूण करायची : ही गोष्ट 1948 च्या कागदावरून आली की 1967-68 मधल्या साक्षीवरून? वीस वर्षांनी दिलेल्या साक्षीत माणूस खोटं बोलतोच असं नाही, पण आपण काय करायला हवं होतं हे त्याला आता कळलेलं असतं, आणि तेच आपण केलं होतं असं त्याला प्रामाणिकपणे आठवू लागतं.

पहिली चौकट दिल्लीची. 20 जानेवारीला बिर्ला हाऊसच्या, म्हणजे गांधीजींच्या मुक्कामाच्या, आवारात गनकॉटन या स्फोटकाचा स्फोट झाला आणि मदनलाल जागच्या जागी पकडला गेला. अंगावर हातबाँब सापडला. त्याच्या जबाबातून करकरेचं नाव आलं, तेही दिल्लीकरांच्या कानाला 'किरक्री' असं काहीतरी ऐकू आलं आणि तसंच टिपलं गेलं. एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. मरीना हॉटेलचा पत्ता मिळाला. तिथल्या 40 नंबरच्या खोलीत एस. देशपांडे आणि एम. देशपांडे या नावांनी दोघे उतरले होते आणि पोलीस पोचेपर्यंत पसार झाले होते. त्यांनी हॉटेलात धुवायला टाकलेले कपडे मागे राहिले, आणि त्या कपड्यांवर धोब्याची खूण होती : एन. व्ही. जी.

ही तीन अक्षरं मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो. शेजारी जबाबातलं 'संपादक' लिहितो. मग मुंबई प्रांतातल्या वर्तमानपत्रांच्या सरकारी यादीतली पुण्याच्या 'हिंदू राष्ट्र'ची, म्हणजे पूर्वीच्या 'अग्रणी'ची नोंद लिहितो : संपादक एन. व्ही. गोडसे, मालक एन. डी. आपटे. 'अग्रणी'कडून सरकारने जामीन मागितला होता, त्यामुळे ही माणसं सरकारदरबारी अनोळखी नव्हती. यादी आणि धोब्याची खूण एकाच टेबलावर आली असती तर नाव निघायला फारसा वेळ लागला नसता. पण कपडे दिल्लीत होते आणि त्या माणसाला ओळखणारे पोलीस पुण्यात.

मुंबईच्या रकान्यात 21 तारखेलाच मोठी नोंद पडते. रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने आधीच कटाबद्दल सांगितलं होतं. स्फोटाची बातमी वाचून ते मुख्यमंत्री खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. मोरारजी त्या रात्री अहमदाबादला निघाले होते. त्यांनी पोलीस उपायुक्त नगरवाला यांना मुंबई सेंट्रलवर बोलावून करकरेला पकडायला आणि सावरकरांच्या घरावर नजर ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत त्यांनी सरदार पटेलांच्याही कानावर घातलं. इथवर हालचाल झपाट्याने झाली. मात्र माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं म्हणून मोरारजींनी जैन यांचं नाव नगरवालांना सांगितलं नाही. माणुसकीच्या दृष्टीने हे समजू शकतं, पण तपासाच्या दृष्टीने फार महागात पडलं. तपास अधिकाऱ्याला खबर मिळाली, खबर देणारा मिळाला नाही. त्याला उलटे प्रश्न विचारता आले नाहीत, मदनलाल आणखी कोणाबद्दल बोलला होता हे खोदून काढता आलं नाही, रीतसर जबाब झाला नाही. खबऱ्याचं नाव कागदावर न आणता त्याची आणि तपास अधिकाऱ्याची गाठ घालून देता येते. तेवढं व्हायला हवं होतं.

22 तारखेला दिल्लीचे दोन अधिकारी नगरवालांसमोर उभे राहिले. त्यांनी काय सांगितलं यावर दिल्ली आणि मुंबई पोलिसांची तोंडं शेवटपर्यंत दोन दिशांना राहिली. दिल्लीचं म्हणणं, संपादकाबद्दल आम्ही सांगितलं होतं. मुंबईचं म्हणणं, आम्हाला करकरेपलीकडे काही कळलं नाही. ते दोघे लवकरच दिल्लीला परत पाठवले गेले. अशा वादात कोण खरं दिसतो हे चेहऱ्यावरून ठरवायचं नसतं. केस डायरीचं ते पान कधी लिहिलं, त्याची प्रत वरिष्ठांच्या कचेरीत कोणत्या तारखेला बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, चढली, शाई आणि ओळींतली जागा सलग आहे का, मागाहून चिकटवलेलं पुरवणी टिपण मूळ मजकुराशी जुळतं का, हे बघायचं. दिल्लीच्या कागदांकडे आयोगाने संशयाने पाहिलं आहे आणि मला तो संशय रास्त वाटतो. घात झाल्यानंतर जो कागद अचानक फार नेमका होतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

नगरवालांच्या बाजूचा दोष वेगळा. त्यांनी मनाशी धरलं की हा कट गांधीजींना पळवून नेण्याचा आहे. एकदा ही समजूत बसली आणि पुढची प्रत्येक खबर तिच्यात बसवली गेली. आयोगाने यावर सडकून टीका केली आहे. बाँब फुटून गेल्यावर, हातबाँबसह माणूस पकडल्यावर अपहरणाची कल्पना टिकते कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. तपासात चुकीचा अंदाज असणं गुन्हा नाही, तो दर दोन दिवसांनी नव्या माहितीवर घासून न बघणं हा मात्र दोष आहे.

पुण्याचा रकाना जवळजवळ रिकामा राहतो, आणि वर्गाला तोच सर्वांत जास्त वेळ बघायला लावावा. पुण्याच्या सीआयडीचे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा त्या दिवसांत दिल्लीतच होते. मदनलालच्या सविस्तर जबाबाची प्रत त्यांच्या हाती पडली. त्यात संपादकाचा धागा होता. 25 जानेवारीला ते निघाले ते आगगाडीने, अलाहाबादमार्गे, आणि मुंबईला पोचले 27 ला. पुण्याला तार नाही, ट्रंक कॉल नाही. त्याच 27 तारखेला नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. म्हणजे कागद दिल्लीहून मुंबईत उतरला त्या दिवशी कागदातला माणूस मुंबईहून दिल्लीत पोचला. पुढे ग्वाल्हेरला जाऊन पिस्तूल मिळवलं, 29 ला परत दिल्ली, 30 ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास तीन गोळ्या.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, राणा विमानाने आले असते तर गांधीजी वाचले असते. मी ते मान्य करत नाही. जबाब हाती आल्याबरोबर पुण्याच्या कचेरीला चार शब्दांची तार गेली असती तर राणा बैलगाडीने निघाले असते तरी चाललं असतं. नथुराम आणि आपट्याला तोंडाने ओळखणारे साध्या वेशातले दोन शिपाई पुण्याहून बिर्ला हाऊसला उभे करणं हा त्यावरचा खरा उपाय होता. येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींचा ठाम नकार होता, त्यामुळे चेहरा ओळखणं एवढंच साधन उरत होतं, आणि ते चेहरे माहीत असलेले लोक पुण्यात बसून होते. लाल किल्ल्यातल्या खटल्याचे न्यायाधीश आत्माचरण यांनी 1949 च्या निकालातच 20 ते 30 जानेवारीच्या काळातल्या पोलिसांच्या ढिलाईवर ताशेरे मारले होते. कपूर आयोगाने त्या ताशेऱ्यांना तारीखवार तपशील दिला. माझ्या मते अहवालाचं सर्वांत भक्कम काम हेच.

आता तो भाग, ज्यावरून दर काही वर्षांनी भांडण होतं. सगळ्या गोष्टी एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या खुनाच्या कटाखेरीज दुसरी कुठलीही उपपत्ती टिकत नाही, अशा आशयाचं एक वाक्य अहवालात आहे. एक बाजू ते वाक्य निकालासारखं वाचते, दुसरी बाजू ते अहवालात नसल्यासारखं करते. वाक्य कुठे आहे हे कोणी बघत नाही. ते मुंबईतल्या तपासाची चिकित्सा करताना येतं. समोरचा प्रश्न आहे की नगरवालांच्या हातात जी माहिती होती तिच्यावरून अपहरणाचा तर्क काढता येत होता का. आयोग म्हणतो, नाही.

त्या वाक्याचं वजन ठरवताना कायद्याच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. खटल्यात सावरकर निर्दोष सुटले, कारण त्यांच्याविरुद्धचा पुरावा मुख्यतः माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीवर होता आणि तिला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही. सरकारने त्या सुटकेविरुद्ध अपील केलं नाही. सावरकरांचे अंगरक्षक आणि चिटणीस यांचे मार्च 1948 मधले पोलीस जबाब आयोगासमोर होते. खटल्यात या दोघांना साक्षीला आणलं नव्हतं, त्यामुळे त्यांची उलटतपासणी न्यायालयात झालेली नाही. आयोगाला पुराव्याच्या कायद्याचं बंधन नसतं, म्हणून तो असे जबाब वाचू शकतो. तेच त्याचं बळ आणि तीच त्याची मर्यादा. चौथी गोष्ट, ज्याच्या लौकिकाला बाधा येऊ शकते त्याला नोटीस देऊन म्हणणं मांडू द्यायचं, ही तरतूद, म्हणजे चौकशी आयोग कायद्यातली 8 ब आणि 8 क ही कलमं, 1971 ची आहेत. अहवाल त्याआधीचा. सावरकर फेब्रुवारी 1966 मध्ये वारले होते, कपूर यांच्या नेमणुकीच्याही आधी, त्यामुळे नोटीस द्यायला ते हयातच नव्हते. खटल्यातून सुटका झालेली आहे आणि आयोगाच्या वाक्याने ती पुसली जात नाही. त्याचबरोबर ते जबाब अस्तित्वात आहेत आणि ते खटल्यात का आले नाहीत हा फिर्यादी पक्षाला विचारण्याजोगा प्रश्नही उरतो. ही दोन्ही विधानं मी एकाच टिपणात लिहिली, तेव्हा वर्गातले दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर सारखेच नाराज झाले.

सर्वोच्च न्यायालयात 2017 मध्ये पुन्हा फेरतपासाची मागणी झाली, ती मात्र वेगळ्या अंगाने : चौथी गोळी होती आणि ती दुसऱ्या कोणीतरी झाडली. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं. त्यांनी मूळ खटल्याचे कागद आणि कपूर आयोगाचं दप्तर धुंडाळून जानेवारी 2018 मध्ये अहवाल दिला की दुसऱ्या मारेकऱ्याच्या तर्काला आधार नाही, आणि मार्च 2018 मध्ये याचिका फेटाळली गेली. वर्गात हा मुद्दा आला की मी आकडेमोड करायला लावतो. पिस्तूल बेरेटा, क्रमांक 606824, सात गोळ्यांचं. तीन झाडल्या, चार शिल्लक सापडल्या. अंगावर आत शिरल्याच्या जखमा तीन. चौथ्या गोळीसाठी वर्तमानपत्रातल्या पहिल्या दिवसाच्या बातम्यांपलीकडे काहीतरी लागेल : जखम, पुंगळी, भिंतीतला किंवा जमिनीतला मार. शवविच्छेदन झालं नव्हतं, सिव्हिल सर्जनने बाहेरून तपासणी केली होती, आणि 31 जानेवारीला अंत्यसंस्कार झाले. नव्याने तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रयोगशाळेत पाठवायला पिस्तूल असेल, शरीराबद्दल मात्र त्या डॉक्टरने लिहिलेलं टिपण आणि त्याची न्यायालयातली साक्ष एवढंच. आमच्या टिपणात फेरतपासाच्या मागणीपुढे 'कशाचा तपास?' असा रकाना आहे. या मागणीपुढे त्यात लिहिण्यासारखं काही मिळालं नाही.