देवयानीचा पांढुरका डाग

आज गावाबाहेरच्या माळावरून देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) पाहिली. शर्मिष्ठा तारकासमूहाचा टोकदार कोन जिकडे रोखलेला असतो, तिकडे बायनॉक्युलर फिरवला की एक पुसट पांढुरका डाग दिसतो. बस्स, एवढंच. पण तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला, आजचा माणूस पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी!

सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत ८ मिनिटांत येतो, नेपच्यूनपर्यंत जायला त्याला ४ तास लागतात. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ हे यान आत्ता कुठे साधारण एक प्रकाशदिवस (प्रकाश एका दिवसात जातो तेवढं अंतर) दूर पोचलंय. त्याच वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे, प्रॉक्सिमाकडे जायचं तर ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील. आणि देवयानी? आपली अख्खी आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद, देवयानी त्याच्या पंचवीसपट लांब.

मला सगळ्यात भारावून टाकते ती अशी अंतरं मोजायची वाट दाखवणारी खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट. हार्वर्ड वेधशाळेत फोटोच्या काचा तपासताना तिला दिसलं, की सेफिड ताऱ्यांची (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची) उघडझाप जितकी संथ, तितका तारा मुळात तेजस्वी. खरं तेज कळलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. हे १९१२ मध्ये छापून आलं. पुढे १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला देवयानीत असाच तारा सापडला आणि ती आकाशगंगेबाहेरची आहे हे ठरलं. या शोधात लेव्हिटचं नाव हबलच्या आधी घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या अमावास्येला त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका शोधायची आहे. ती आणखी लांब, २७ लाख प्रकाशवर्षांवर, आणि बरीच फिकट. कुणाला यायचं असेल तर कळवा.