झीरोच्या बैलगाडीमागे ४८ किलोमीटर: चालत जाऊ नका

"सपाट रस्ता आहे, दोन दिवसांत आरामात होतो" असं ज्याने लिहून ठेवलंय, त्याने तो गाडीत बसून पाहिला असणार. जपानमधल्या नागोया बंदराजवळच्या ओएपासून काकामिगाहारापर्यंत साधारण ४८ किलोमीटर. सपाट आहे, खोटं नाही. पण सगळं डांबर, आणि कडेने अखंड ट्रक.

हा खटाटोप कशासाठी, तर मार्च १९३९ मध्ये मित्सुबिशीच्या ओए कारखान्यात जपानी नौदलाच्या नव्या लढाऊ विमानाचा, म्हणजे पुढे 'झीरो' म्हणून गाजलेल्या विमानाचा, पहिला नमुना तयार झाला. कारखान्याजवळ धावपट्टीच नव्हती. ट्रकमध्ये घालावं तर खराब रस्त्यावर हादरे, घोडे जुंपावे तर बुजून उधळायची भीती. मग बैलगाड्या. २३ तारखेच्या संध्याकाळी दोन गाड्या निघाल्या आणि रात्रभर-दिवसभर चालून काकामिगाहाराच्या विमानतळावर पोचल्या. १ एप्रिलला विमान उडालं. नौदलाला वेग हवा होता ताशी ५०० किलोमीटर, शिवाय ३,००० मीटर उंची साडेतीन मिनिटांत. या अटी बघून नाकाजिमा या दुसऱ्या विमान कंपनीने आधीच हात टेकले होते.

ओएला घड्याळाच्या मनोऱ्याची जुनी इमारत आहे, तिथे झीरोचं मॉडेल ५२ ठेवलंय. आधी नाव नोंदवल्याशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा तारीख हातात आल्यावरच बाकीचं ठरवा. विमानासमोर उभं न राहता कॉकपिटच्या मागे जा आणि सांध्याची उभी रेघ शोधा. झीरोचे रचनाकार जिरो होरिकोशी यांनी पंख आणि पुढचा सांगाडा एकसंध केला. जोडाचं लोखंड वाचलं, वजन वाचलं. त्यामुळे विमानाचे दोनच तुकडे होतात: पंखासकट पुढचा आणि शेपटीचा. पंख १२ मीटरचा. असलं धूड गाडीवर लादून अंधारात गल्लीबोळांतून वळवणाऱ्या गाडीवानांना माझा दंडवत. वजनाची कंजुषी इतकी, की सुरुवातीच्या झीरोत वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रासुद्धा नव्हता.

आता तो ४१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. बैलगाड्यांचा नेमका रस्ता आज पायाखाली घेता येत नाही, म्हणून मी हा सरळ धरला आणि फसलो. कोमाकीपर्यंत डोक्यावर द्रुतगती मार्गाचा पूल. सावली मिळते, पण आवाज वरून आणि बाजूने दोन्हीकडून येतो. तीन तासांनी माझं मलाच ऐकू येईना. मोठ्या चौकांत पादचारी पूल: चढा, उतरा, परत चढा. कोमाकीला मुक्काम केला तेव्हा दोन्ही टाचांना फोड. दुसऱ्या दिवशी पूल संपला, सावलीही संपली. दिसतात ती गोदामं, टायरची दुकानं, गाड्यांची शोरूम. आपल्याकडचा खिल्लारी बैलसुद्धा इथे बसकण मारेल.

इनुयामाचा किल्ला चांगला आहे. पाहिला, पुढे.

खरं चालण्यासारखं इथूनच आहे. किसो नदी ओलांडली की काकामिगाहारा. तेव्हा नागोयाहून मेइतेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीने अर्ध्या तासात इनुयामाला या आणि फक्त हा टप्पा चाला. नदीवर वारा जोरदार लागतो, टोपी पिशवीत ठेवा. जुन्या विमानतळावर आता हवाई दलाचा गिफू तळ आहे, आत जाता येत नाही. कुंपणाला मोठा वळसा पडतो. हा वळसा कोणीच लिहीत नाही!

काकामिगाहाराच्या विमान संग्रहालयात पोचलो तेव्हा बंद व्हायला पाऊण तास होता. पहिल्या नमुन्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती इथे आहे. सुरुवातीच्या उड्डाणांत विमान थरथरायचं. दोन पात्यांचा पंखा काढून तीन पात्यांचा बसवला तेव्हा ते आटोक्यात आलं. मी ती माहिती वाचत उभा होतो आणि माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या. बाकावर बसूनच पाहिलं. किमान दोन तास हातात ठेवा, आणि परतीच्या बसची वेळ आत शिरायच्या आधी बघा. मी बघितली नव्हती. स्टेशनपर्यंत पुन्हा चालत गेलो.