काय थांबवायचं, तेही त्याच बैठकीत

स्कॉटलंडमध्ये चर्चच्या भिंतीवर ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसली की आपल्या माणसाच्या काळजात धस्स होतं. याच देशातून मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, मराठी शिकले, शाळा काढल्या. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांच्या मायदेशी आता मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे भाविक समुदाय, एकमेकींत विलीन होताहेत. चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद १९५०च्या दशकात १३ लाखांच्या घरात होते, आज ३ लाखांच्याही खाली आहेत. २०२१ मध्ये जनरल असेंब्लीने (या चर्चच्या सर्वोच्च सभेने) प्रत्येक प्रेस्बिटरीला (एका भागातल्या मंडळ्यांवरच्या समितीला) आराखडा करायला लावला: पाळक (मंडळीचे धर्मगुरू) किती, कुठली इमारत ठेवायची, कुठली सोडायची.

या ओढाताणीत स्कॉटलंडमधल्या चांगल्या मंडळ्यांनी एक शिस्त अंगी बाणवली आहे. मोजकी कामं निवडायची आणि कुठली थांबवायची तेही त्याच बैठकीत लिहून काढायचं.

सुरुवात यादीने होते. शब्बाथ शाळा (मुलांचे धर्मवर्ग), कॅफे, लहान मुलांचा गट, गायकवृंद, जुन्या वस्तूंची विक्री, सगळं लिहायचं आणि प्रत्येकापुढे पाच रकाने: जबाबदार कोण, महिन्याला किती तास, कुठली खोली, हीटिंगसह खर्च, येतं कोण. शेवटच्या रकान्यात ‘बरेच जण’ चालत नाही. लागोपाठ चार आठवडे डोकी मोजायची. पहिल्या रकान्यात एकच नाव सहा ओळींत आलं, तर ती व्यक्ती आजारी पडताच सहा कामं एकदम बसणार, हे तिथेच कळतं.

मग न टळणारे तास वजा करायचे: उपासना, अंत्यविधी, हिशेब, इमारतीची देखभाल, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम. १ एप्रिल २०२५ पासून स्कॉटलंडमध्ये मुलांबरोबर ठरावीक भूमिकांत काम करणाऱ्यांना, स्वयंसेवकांनाही, पीव्हीजी योजनेचं (पार्श्वभूमी तपासणाऱ्या सरकारी योजनेचं) सभासदत्व कायद्याने सक्तीचं आहे. समजा स्वयंसेवकांचे महिन्याला १२० तास आहेत आणि ७० यातच गेले. उरलेल्या ५० तासांत दोन-तीन कामं नीट होतात, नऊ होत नाहीत.

निवड लिहिताना बहुतेकांची गाडी इथेच अडते. ‘प्रेम, सेवा, सुवार्ता’ असं लिहिलं तर कुणाचाच आक्षेप नसतो आणि काहीच थांबत नाही. ‘एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दर बुधवारी ११ ते २ गरम जेवण’ असं लिहिलं की बुधवारी हॉल कुणाला सोडावा लागेल ते लगेच दिसतं.

मला सर्वात भावते ती काम बंद करण्याची त्यांची रीत. तीन महिने पुढची तारीख ठरते. ते काम चालवणाऱ्यांना आधी घरी जाऊन सांगतात, मगच रविवारी जाहीर करतात. शेवटच्या रविवारी नावं घेऊन आभार मानतात, प्रार्थना करतात. चहाची भांडी, खेळणी, कपाटं कुठे जाणार याची यादी होते. मुलांच्या कामासाठी म्हणून आलेली देणगी परस्पर छताच्या दुरुस्तीला वळवता येत नाही. त्यासाठी रीतसर मंजुरी लागते. आणि हॉलच्या किल्ल्या सही घेऊन परत घेतात. हे क्षुल्लक वाटेल, पण किल्ली बाहेर राहिली की दोन महिन्यांत तोच गट ‘फक्त या गुरुवारपुरता’ हॉल उघडतो आणि वीज, साफसफाई, जबाबदारी पुन्हा मंडळीच्या गळ्यात पडते.

आपल्याकडच्या मंडळ्यांत काम बंद कुणी करत नाही, ते आपसूक आटतं. तरुण संघाचा फलक राहतो, संघ नसतो. पास्टोरेट कमिटीत (मंडळीच्या कारभारी समितीत) हा विषय काढणाऱ्यालाच वाईटपणा येतो.

तरीही एका बाबतीत मी आपल्या मंडळ्यांच्याच बाजूने उभा राहीन. तासांच्या तक्त्यात घरभेट नेहमी हरते: दीड तास आणि भेटलं एकच माणूस. म्हणून स्कॉटलंडमध्ये तिच्यावर आधी कात्री चालते. पूर्वापार प्रत्येक एल्डरकडे (मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदाकडे) ठरलेली घरं असायची, ती पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली आहे. आपल्याला भावनेच्या भरात चालणारे म्हणतात. पण दुखण्यात, मृत्यूत, परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी येऊन प्रार्थना करणारं माणूस आपल्याकडे अजून आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात प्रेषितांनी स्वतःसाठी प्रार्थना आणि वचनाची सेवा एवढंच ठेवलं, पण विधवांचं रोजचं अन्नवाटप बंद केलं नाही. त्यासाठी सात जण नेमले.

म्हणून तक्ता जरूर करा, पण घरभेटींना वेगळं माप लावा: गेल्या तीन महिन्यांत एकदाही भेट न झालेली घरं किती. एका एल्डरकडे आठ-दहा घरांहून जास्त देऊ नका. अंथरुणाला खिळलेल्यांकडे पाळकांनी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेऊन कुठल्या वारी जायचं ते वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, आणि सहा महिन्यांनी यादी पुन्हा काढा.