तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं दुसऱ्यांदा का येत नाहीत?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना निसर्गाची गोडी कशी लावायची? निसर्गसहलीला येतात, फोटो काढतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. शिक्षक हे विचारतात, पालक विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

माझं मत सरळ आहे. सहल आणखी आकर्षक करण्याच्या मागे लागू नका. एखाद्या उथळ ओढ्याचा ५० मीटरचा पट्टा वर्षभरासाठी मुलांच्या ताब्यात द्या आणि दर महिन्याला तिथेच जा. या वयात दुसऱ्यानं बोट करून दाखवलेलं बघण्यात रस नसतो. स्वतः काहीतरी करायचं असतं, तेही मित्रांसोबत. आणि दिलेलं काम खरं आहे की वेळ घालवायला दिलंय, हे मुलं पहिल्या तासाभरात ओळखतात.

ओढा नसेल तर तळ्याचा काठ किंवा १० मीटर लांब-रुंद माळाचा तुकडाही चालेल. तरी पहिली पसंती ओढ्याला, कारण तिथे दगड उलटला की उत्तर हातात येतं. रासायनिक चाचणी पाण्याची त्या घडीची अवस्था सांगते. दगडाखालचे जीव महिनोन्महिने तिथेच राहतात, त्यामुळे गेल्या काही महिन्यांत पाण्यानं काय सोसलं तेही ते सांगतात.

चौघांचा एक गट करा. एक पाण्यात, एक ट्रेपाशी, एक वहीपाशी, एक घड्याळ आणि सुरक्षितता सांभाळणारा; दर वेळी कामं बदलायची. अर्ध्या मिलिमीटर जाळीचं, सपाट कडेचं हातजाळं घ्यायचं. ते पावलांच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी वाहत जातं त्या बाजूला, तळाला टेकवून धरायचं आणि पायानं १ मिनिट तळ ढवळायचा. असं तीन ठिकाणी: खळाळत्या भागात, संथ भागात आणि काठाच्या गवताशी. जाळ्यातलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये २-३ सेंटीमीटर पाण्यात सोडायचं आणि थांबायचं.

पहिल्या चाचणीत घोळ होतो तो इथेच. सुरुवातीला ट्रेमध्ये नुसता गाळ आणि काटक्या दिसतात, ‘काहीच नाही’ म्हणून मुलं ट्रे ओतून देतात. पूर्ण दोन मिनिटं कुणीही हात लावायचा नाही. गाळ बसतो आणि एक काटकी चालायला लागते. ती असते कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी, वाळू आणि पानांचे तुकडे चिकटवून केलेल्या घरासकट. अशा वेळी मोठ्या माणसानं तोंड मिटून राहावं. नाव सांगितलं की मूल बघायचं थांबतं. त्याऐवजी विचारा: शेपट्या किती? कल्ले कुठे आहेत? पायाला नख्या किती? मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना हलणारे कल्ले आणि प्रत्येक पायाला एक नखी असते. स्टोनफ्लाय या तशाच दुसऱ्या कीटकाच्या पिल्लाला शेपट्या दोन आणि नख्याही दोन. दहापट भिंग, मऊ कुंचला आणि पेन्सिलीनं काढलेलं चित्र एवढ्यावर मुलं हे वेगळं काढतात. नाव त्यानंतर सांगा, मग ते विसरलं जात नाही.

निष्कर्षाची घाई मात्र रोखावी लागते. लालबुंद अळ्या दिसल्या की ‘पाणी घाण’ असं मुलं लिहून टाकतात. त्या कायरोनोमिड या डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात. पण चार-दोन लाल अळ्या स्वच्छ ओढ्यातही सापडतात. बाकीचे सगळे गायब होऊन त्याच उरल्या, तर काळजीचं कारण आहे. उलट स्टोनफ्लाय दिसली नाही म्हणून ओढा बिघडला असंही नाही, उबदार पाण्यात ती मुळातच कमी असते. म्हणून त्याच ओढ्याचा वरचा, माणसांचा कमी वावर असलेला पट्टा तुलनेसाठी बघायचा.

आकड्यांतली फसगत आणखी नाजूक असते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाच्या आसपास सर्वांत कमी असतो आणि पाणवनस्पतींमुळे दुपारी वाढतो. एका महिन्यात सकाळी ८ ला आणि पुढच्या महिन्यात दुपारी ३ ला मोजलं, तर ओढा सुधारल्याचा भास होतो. शिवाय २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून वेळ ठरलेली हवी आणि प्रत्येक नोंदीशेजारी तापमान हवं.

प्रवाह मोजायला यंत्र लागत नाही. १० मीटर अंतर आखा, संत्र्याच्या सालीचा तुकडा सोडा, तीनदा वेळ घेऊन सरासरी काढा. साल जवळजवळ बुडून तरंगते, म्हणून वारा तिला ढकलत नाही. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचं पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. ओढा २ मीटर रुंद आणि सरासरी ३० सेंटीमीटर खोल असेल तर सेकंदाला सुमारे २५५ लिटर पाणी जातंय. गणिताला कंटाळणारी मुलं हा हिशोब आपणहून पुन्हा करून बघतात.

वहीत शून्यही लिहायचं. ‘सापडलं नाही’ आणि ‘शोधलं नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

फोन काढून घेऊ नका, त्याला काम द्या. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला की जाणकार ओळख तपासून देतात. खातं उघडायला किमान १३ वर्षं वय लागतं. दुर्मिळ जीव किंवा घरटं असेल तर नेमकं ठिकाण लपवायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

मग काळजी घेण्याचं काम. नुसता कचरा उचलायला लावला की मुलांना ती शिक्षा वाटते, आणि मला त्यांचं पटतं. तोच कचरा प्रकारानुसार वेगळा करून मोजू द्या. तो कुठून येतो याचा माग काढू द्या आणि संबंधित कार्यालयाला आकड्यांसह पत्रही त्यांनाच लिहू द्या. काठावर घाणेरी माजली असेल तर जमिनीच्या वर छाटून उपयोग नाही, ती दुप्पट फुटते. आधी आत घरटं नाही ना ते बघायचं, मग माती उकरून मुख्य मूळ खोडाच्या बुंध्याखाली तोडायचं आणि झुडूप उलटं टाकायचं. मोकळ्या जागी लगेच तिथलंच गवत आणि झुडपं लावायची. नाहीतर पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून घाणेरीच परत येते. रोपं किती लावली याचा फलक नको. पहिला कोरडा हंगाम संपल्यावर किती जगली ते वहीत लिहा.

सुरक्षिततेत तडजोड नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा वरच्या बाजूला पाऊस असेल तर आत उतरायचं नाही. जखम झाकायची, कारण उंदरांच्या मुत्रानं दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. नंतर साबणानं हात धुवायचे. उचललेला दगड त्याच जागी, त्याच बाजूनं ठेवायचा. जाळं आणि बूट धुऊन कडकडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात न्यायचे नाहीत. बेडकांना मारणारी काइट्रिड बुरशी ओल्या साहित्यावरून पसरू शकते.

तीन-चार महिन्यांनी मुलं कंटाळतील, आकडे सारखेच येतील. तेव्हा नवा खेळ आणू नका. पुढचा प्रश्न कोणता, हे त्यांना ठरवू द्या: पावसानंतर जीव किती दिवसांनी परततात, सावलीतल्या दगडाखाली जास्त असतात का. वर्ष संपलं की नव्या गटाला जाळं धरायला याच मुलांनी शिकवायचं आणि वही त्यांच्याच हातानं पुढे द्यायची.