निराधार अनुदान घेणाऱ्या स्त्रियांबरोबर नाटक उभे करताना

सरकारी अनुदानावर घर चालवणाऱ्या माणसांवर नाटक करायचे, तर संहितेच्या पहिल्या ओळीपासून प्रयोगापर्यंत तीच माणसे सोबत हवीत, असे आमच्या हौशी संस्थेने ठरवले. या कामात सर्वांत जास्त वेळ तालमींवर गेला नाही, मानधनाच्या प्रश्नावर गेला. म्हणून सांगायला सुरुवात तिथूनच करते.

मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीतल्या ज्या स्त्रिया आमच्याबरोबर यायला तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेक विधवा होत्या आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत होत्या; पासष्टी ओलांडलेल्या दोघी-तिघी श्रावणबाळ योजनेत होत्या, तर काही तरुण जणींना २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत होते. निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. लाडकी बहीणचेही १,५०० रुपयेच. मात्र लाडकी बहीणसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते, तर निराधार योजनेत, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर, ते २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याच्या हिशेबाने ही मर्यादा १,७५० रुपये होते. एकाच तालमीला शेजारी-शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीला आम्ही दिलेले मानधन निर्धास्तपणे घेता येत होते आणि दुसरीला त्याच रकमेमुळे पुढच्या दाखल्याच्या वेळी प्रश्न विचारला जाण्याची भीती होती. काम सारखे, तालीम सारखी, आणि तरीही पैसे घेण्याचा धोका निराळा.

नाट्यसंस्थांची सवय अशी की मानधनाचे बोलणे प्रयोगाच्या आदल्या आठवड्यापर्यंत लांबवायचे आणि मग सगळ्यांच्या हातात एकसारखे पाकीट ठेवायचे. इथे ते चालण्यासारखे नव्हते. आम्ही एका वकीलबाईंना बोलावून सर्वांसमोर नियम वाचून घेतले, आणि मग प्रत्येकीशी स्वतंत्रपणे, घरातले कोणी जवळ नसताना, बोललो. काहींनी पूर्ण मानधन बँकेत घेतले. काहींनी फक्त बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च पावतीवर सही करून घेतला. एकीने पैसे नकोत, पण मुलीला संध्याकाळी शिकवायला कोणी तरी द्या, असे सांगितले. आमच्यातला एक नट महाविद्यालयात गणित शिकवतो, त्याने ते काम अंगावर घेतले. सर्वांना समान रक्कम देण्याचा हट्ट धरला असता, तर समानतेचे समाधान आम्हाला मिळाले असते आणि जोखीम मात्र त्यांच्या वाट्याला गेली असती.

तालमी बालवाडीच्या खोलीत होत. धुण्याभांड्याची कामे उरकल्यानंतर आणि नळाला पाणी येण्याच्या आधी जो वेळ उरेल, तोच आमचा. रेशन दुकानात धान्य आल्याची बातमी लागली की तालीम रद्द, हे पहिल्याच बैठकीत ठरले होते.

माणसांना आपली कहाणी सांगायला लावायची आणि आपण ती लिहून घ्यायची, ही पद्धत मला मुळातच पटत नाही, कारण कार्यालयातही त्यांना तेच करावे लागते: नवरा कधी वारला, कशाने वारला, घरात कमावते कोण. म्हणून आम्ही कागदांपासून सुरुवात केली. प्रत्येकीने घरातली कागदांची पिशवी आणायची, आतले कागद न वाचता केवळ ती उघडायची, चाळायची आणि बंद करायची. शिधापत्रिका, आधार, मृत्यूचा दाखला, पासबुक, झेरॉक्सच्या प्रतींचा गठ्ठा; कोणता कागद सर्वांत वर ठेवायचा आणि कोणता मागितल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, याची प्रत्येकीची शिस्त पक्की होती. नाटकाचा पहिला प्रवेश त्या हालचालींतूनच, एकाही शब्दाशिवाय, उभा राहिला. दुसरा प्रवेश अंगठ्याचा. रेशनच्या पॉस मशीनवर ठसा उमटत नाही, कारण वर्षानुवर्षे भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मग अंगठा पदराला पुसायचा, थोडा दाबून, थोडा तिरका करून पुन्हा लावायचा. हे सारे कोणत्याही दिग्दर्शकाने सुचवण्याआधीच त्यांच्या हातांत होते.

आमच्यातल्या एका प्रशिक्षित अभिनेत्रीने सरकारी कार्यालयाच्या खिडकीसमोरच्या प्रवेशात डोळ्यांत पाणी आणले. अभिनय चांगला होता. तो पाहून एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "खिडकीवर कोण रडत नाय गं. रडत बसलं की मागची पुढं जाते." त्यानंतर तो प्रवेश अत्यंत कोरड्या आवाजात होऊ लागला आणि पाहणाऱ्याला बसवेना, इतका बोचू लागला. खिडकीमागच्या कारकून बाईला खलनायिका करू नका, हाही त्यांचाच आग्रह होता. तिच्या टेबलावरची फाइलींची चळत मोठी दाखवा, एवढेच त्यांनी सुचवले. कारकुनाची भूमिका करायला सगळ्यांची चढाओढ असे, आणि खरे सांगायचे तर त्या भूमिकेत आमचे अनुभवी नटही त्यांच्यापुढे फिके पडत. हयातीच्या दाखल्याचा प्रवेश त्यांनी स्वतःच विनोदी केला. दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे असते, त्यामुळे एक म्हातारी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाकडून तसे लिहून घेत जाते, अशी त्याची रचना होती.

प्रयोगाचा साचा ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या पद्धतीचा होता: प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकांपैकी कोणीही "थांबा" म्हणून पात्राची जागा घ्यायची. बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ दी जानेरोच्या नगरपरिषदेवर निवडून आलेले सदस्य होते आणि अशा प्रयोगांतून निघालेल्या सूचना त्यांनी कायद्यांपर्यंत नेल्या. मुंबईला हे फार परके वाटू नये. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात कामगार वस्त्यांत कामगारांचेच प्रश्न गाण्यांतून आणि लोकनाट्यातून मांडले होते. अशा प्रयोगात प्रेक्षक आणि नट यांच्यात दुवा राहणाऱ्या मध्यस्थाला आम्ही सूत्रधारच म्हटले आणि ते काम एका माजी अंगणवाडी सेविकेकडे दिले, कारण गर्दीला गप्प कसे करायचे हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी लिखित संहिता सादर करावी लागते. आमचे नाटक तोवर कागदावर नव्हतेच. तालमींच्या ध्वनिमुद्रणावरून ते उतरवले, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि आपल्या आयुष्यातली जी ओळ नको असेल ती कारण न देता खोडण्याचा अधिकार प्रत्येकीला दिला. दोन चांगले प्रसंग त्यात गेले. दिग्दर्शक म्हणून मला त्यांची हळहळ अजून वाटते, पण त्या ओळी माझ्या नव्हत्या. प्रेक्षक बदल सुचवतील त्या जागा संहितेत सूचनेच्या स्वरूपात नोंदवल्या. जाहिरातीवर कोणाचे पूर्ण नाव छापले नाही आणि चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकायची नाही, हे लेखी ठरले. अनुदान बंद होण्याच्या भीतीपेक्षाही गावाकडच्या सासरच्या माणसांनी पाहिले तर, ही काळजी अनेकींना मोठी वाटत होती.

वसाहतीतल्या प्रयोगात सर्वांत जास्त वेळा अडवला गेला तो प्रसंग दलालाचा होता. अर्ज भरून देण्याचे पैसे घेणारा माणूस समोर आल्यावर त्याला हाकलायचे की त्याच्याकडूनच काम करून घ्यायचे, यावर प्रेक्षक बायकांत खरेखुरे भांडण झाले. एकीने दलालाऐवजी रांगेतल्या पुढच्या बाईला अर्ज वाचायला सांगितले. तो बदल आम्ही पुढच्या प्रयोगांत कायम ठेवला.

नंतर एका शासकीय मेळाव्यात प्रयोग करण्याविषयी विचारणा झाली. निर्णय मी गटावर सोपवला. त्यांनी होकार दिला, पण अटी घातल्या: दिवसाची मजुरी आधी ठरवायची, व्यासपीठावर सत्कार आणि फोटो नकोत, कोणाला कोणत्या योजनेचे पैसे मिळतात हे सूत्रसंचालकाने जाहीर करायचे नाही, आणि दलालाचा प्रसंग गाळायचा नाही. आयोजकांना शेवटची अट सोडून बाकी सर्व मान्य होत्या. त्या मेळाव्यात आमचा प्रयोग झाला नाही.