ऑफिसच्या कपाटात ब्लेड सर्व्हर बसवताना

ब्लेड सर्व्हर, म्हणजे एका डब्यात शेजारी-शेजारी खोचायचे पातळ सर्व्हर, म्हटलं की बँकेचं डेटा सेंटर डोळ्यांसमोर येतं. आमचं कर सल्ल्याचं ऑफिस साताऱ्यातल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आहे. एसी एकच, तोही केबिनमध्ये. तरी मी ब्लेडच्या मागे लागलो ते विजेपायी. जुन्या टॉवर सर्व्हरला मीटर लावून पाहिलं, तर काही काम नसतानाही तो ७० वॉट खात होता. एक वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात, म्हणजे नुसत्या बसून राहण्याचे ६१३ युनिट. त्यात लाइट गेली की इन्व्हर्टर आधी त्याच्यासाठी रिकामा व्हायचा.

पहिली चौकशी पुण्यात जुना माल विकणाऱ्या एकाकडे केली. त्याने एचपीचा सी७००० हा ब्लेड खोचायचा डबा दाखवला. "साहेब, सोळा सर्व्हर एका डब्यात, भंगाराच्या भावात!" खोटं नव्हतं. अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड, ६ पॉवर सप्लाय, १० पंखे, रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर बसवायच्या सांगाड्यात, १० यू जागा (एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची). पण भरलेला डबा २०० किलोच्या वर जातो आणि आमचा जिना लाकडी आहे. पंख्यांचा आवाज ऐकल्यावर तर भागीदाराला विचारायचीही गरज उरली नाही.

गंमत म्हणजे ब्लेड जन्मले ते वीज वाचवायलाच. २००१ साली आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीने ३ यू उंचीच्या डब्यात २४ ब्लेड बसवले, तेही ट्रान्समेटा कंपनीच्या कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरवर. पुढच्याच वर्षी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत त्याच ब्लेडचा २४० प्रोसेसरचा 'ग्रीन डेस्टिनी' हा महासंगणक उभा राहिला. जागा सहा चौरस फूट, वीज सुमारे ३.२ किलोवॉट, आणि ठिकाण एसी नसलेलं धुळकट गोदाम. हे वाचल्यावर आमच्या कपाटाबद्दल मला जरा धीर आला.

शेवटी घेतले ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कॉम्प्युट मॉड्यूल ४ वर (प्रोसेसर आणि रॅम असलेला छोटा तुकडा) चालणारे ब्लेड. लांबट पट्टीसारखा बोर्ड, त्यावर काडेपेटीएवढं मॉड्यूल, मागे एम.२ एसएसडी. वीज आणि नेटवर्क दोन्ही एकाच लॅन केबलमधून. ८ जीबी रॅमची मॉड्यूल भारतातच मिळाली. बोर्ड मात्र युरोपातून मागवावे लागले, आणि खरी दमछाक तिथे झाली.

फर्मच्या नावावर आयात करायची तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, लागतो. तो अर्ज ऑनलाइन होतो, फी ५०० रुपये, नंबर म्हणजे तुमचा पॅनच. इथवर सगळं सुरळीत. मग कुरिअरवाल्यांचा मेल आला: पार्सल अडकलंय, आयात परवाना द्या. झालं असं की ऑगस्ट २०२३ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने (डीजीएफटी) अधिसूचना काढून सीमा शुल्काच्या यादीतल्या ८४७१ या शीर्षकाखालचे लॅपटॉप, टॅब्लेट, छोटे संगणक आणि सर्व्हर यांच्या आयातीवर निर्बंध घातले. अंमल १ नोव्हेंबर २०२३ पासून. आमच्या बिलावर विक्रेत्याने ठळक अक्षरांत 'ब्लेड सर्व्हर' छापलं होतं. आत ना प्रोसेसर, ना रॅम, ना डिस्क, नुसते बोर्ड! फोनवरचा मुलगा नम्र होता, पण दर वेळी वेगळा मुलगा असायचा आणि प्रत्येकाला रामायण पहिल्यापासून सांगावं लागायचं. मी विक्रेत्याकडून बिल दुरुस्त करून घेतलं, वर्णन 'संगणकाचा सुटा भाग, प्रोसेसरविना कॅरिअर बोर्ड', शीर्षक ८४७३ ३०. सोबत रिकाम्या सॉकेटचे फोटो आणि उत्पादकाचं माहितीपत्रक जोडलं. तेव्हा कुठे माल सुटला. सीमा शुल्क शून्य, आयजीएसटी १८ टक्के, आणि त्याचं क्रेडिट मिळतं. कोणी मागवणार असेल तर विक्रेत्याला बिलाचा मजकूर पैसे भरायच्या आधीच लिहून मागा.

माल हातात आल्यावर पुढचा अडथळा बूटचा. मी ईएमएमसी (मॉड्यूलवरचीच साठवण) नसलेली 'लाइट' मॉड्यूल घेतली होती, म्हणजे सुरुवात थेट एसएसडीवरून व्हायला हवी. त्यासाठी मॉड्यूल बूट मोडमध्ये घालायचं, यूएसबीने लॅपटॉपला जोडायचं आणि आरपीआयबूट या प्रोग्रॅमने बूटलोडरची, म्हणजे मॉड्यूल सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, सेटिंग बदलायची. या मॉड्यूलवर बूटलोडर आपणहून अपडेट होत नाही, तो बाहेरूनच लिहावा लागतो. कुठून आधी सुरू व्हायचं ते सांगणारा बूट ऑर्डरचा आकडा मी ठेवला ०एक्सएफ४१६, आणि तो उजवीकडून वाचायचा: ६ म्हणजे एनव्हीएमई (आपली एसएसडी), १ म्हणजे एसडी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे ब्लेड पटापट झाले.

वायरिंग आमच्या नेहमीच्या वायरमनने केलं. चार ब्लेडना लॅनच्या चारच केबल पाहून तो म्हणाला, "दादा, लाइटची लाइन कुठनं द्यायची?" लॅनमधूनच वीज जाते हे त्याला पटेना. ८०२.३एटी (लॅनमधून वीज देण्याचं मानक) स्विच प्रत्येक पोर्टला ३० वॉटपर्यंत देऊ शकतो, आमचा ब्लेड त्याच्या चतुर्थांशातच भागवतो. इन्व्हर्टर मात्र यूपीएस मोडवर टाकून घेतला. नाहीतर लाइट जाता-येताना स्विच क्षणभर मान टाकतो आणि चारही ब्लेड एकदम रीस्टार्ट होतात. त्यात या मॉड्यूलवर स्वतःचं घड्याळ नसतं, म्हणून राउटरही त्याच लाइनवर घेतला. वेळ नेटवरून मिळाली नाही तर बॅकअपच्या तारखा भलत्याच पडतात.

आता चार ब्लेड आणि स्विच मिळून ३० वॉट. एकावर फाइल शेअरिंग, दुसऱ्यावर त्याचा बॅकअप, तिसऱ्यावर वायरगार्ड (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं व्हीपीएन) आणि जाहिराती गाळणारा पाय-होल, चौथा माझ्या प्रयोगांना. यूट्यूबवर जो तो अशा ब्लेडवर क्युबरनेटिस (अनेक सर्व्हरवर कामं वाटणारी प्रणाली) चढवतो. पाच माणसांच्या ऑफिसला ते लागत नाही. वेगाच्याही फार अपेक्षा नकोत: मॉड्यूलला एसएसडी जोडायला पीसीआयईची एकच, जुन्या पिढीची (जेन २) लेन आहे, त्यामुळे महागडी एसएसडी लावून उपयोग नाही. ८० अंशांला प्रोसेसर वेग कमी करायला लागतो. एप्रिलच्या दुपारी हीटसिंक आणि एका छोट्या पंख्यावर आमचे ब्लेड सत्तरच्या आत राहिले, पण कपाटाचं मागचं फळकूट काढावं लागलं.

सगळ्यात कामाची निघाली ती एक साधी सोय. ब्लेड अडकला तर घरून वायरगार्डने स्विचमध्ये शिरायचं आणि त्या पोर्टची वीज बंद करून चालू करायची. जुलैत रिटर्नची गर्दी असताना फाइलवाला ब्लेड असाच रात्री गप्प झाला, तेव्हा ऑफिसचं कुलूप उघडायला जावं लागलं नाही. अर्थात वायरगार्डचाच ब्लेड अडकला तर जावंच लागेल.

टॅली मात्र यावर चालत नाही. तिला विंडोज लागतं आणि हे एआरएम प्रोसेसर. म्हणून जुना टॉवर गेलेला नाही, फक्त सकाळी दहाला चालू होतो आणि संध्याकाळी डेटा ब्लेडवर टाकून बंद होतो. भागीदाराचं म्हणणं, आता टॅलीलाही छोटा मिनी पीसी घेऊ. त्याचं कोटेशन मागवलंय, या वेळी भारतातल्याच विक्रेत्याकडून.